एक बोट खाली

सुई लाल झाली, टोचली, निघाली, आणि मला बरं वाटलं. सगळा घोटाळा इथून सुरू झाला. दुखलं असतं तर प्रश्नच नव्हता. दुखणार म्हणून मी दात आवळून, डाव्या हातानं टेबलाची कड धरून बसलो होतो, मनात दहापर्यंत आकडे मोजायचं ठरवलं होतं, आणि तीनवरच मॅडम म्हणाल्या, "झालं काका." झालं म्हणजे काय झालं? सहा महिने खांद्यात एक दगड बसला होता. त्या दगडाखालून कोमट पाणी वाहायला लागल्यासारखं वाटलं, दंडातून थेट कोपरापर्यंत. मी 'हाऽ' म्हणालो. चोपन्न वर्षांचा माणूस, रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीचा इन्चार्ज, आणि तोंडातून हे असं 'हाऽ'. मॅडम हसल्या. शिरूरच्या एसटी स्टँडमागं पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. धनश्री त्यांचं नाव. माझ्या पोरीच्या वयाच्या, आणि ह्या सुया शिकायला चीनमध्ये जाऊन आलेल्या. पहिल्या तीन गुरुवारी त्यांनी साध्या सुया टोचल्या होत्या, त्यातली एक चक्क नडगीला. घरी सांगितलं तर नीलम, माझी बायको, म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" सुईच्या बुडख्यावर कसल्याशा वाळक्या पाल्याची गुंडाळी लावून ती पेटवायच्या. पाला दवण्याच्या जातीचा, वासही तसाच, देवळातल्यासारखा. चौथ्या गुरुवारी म्हणाल्या, आज तापवलेली सुई करू. स्पिरिटचा दिवा लावला, जाडसर सुई ज्योतीत धरली. मी घाबरून म्हणालो, "मॅडम, तापली की, पुरे." तर म्हणतात, "लाल होऊ दे काका. लाल झाली की कमी लागतं. अर्धवट तापलेली जास्त दुखते." हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं, ते तेव्हा सुचलं नाही.

मग कापसानं दंड पुसता पुसता त्यांचा हात थांबला. "इथे आधी कुणी काही केलंय का?" माझ्या उजव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, तीन गोल डाग आहेत, एकाखाली एक, चार आण्याच्या नाण्याएवढे. त्यांची सुई वरच्या डागाच्या अगदी कडेला बसली होती. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार असतं. वडील मेंढपाळ होते. मी नऊ वर्षांचा, धाकटा भैरू सहाचा. दोघांना कावीळ झाली. वडलांनी सळई तापवून दोघांना डागलं. मी वाचलो, भैरू गेला. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी सांगितलंय, की आवाज कुठं खाली घ्यायचा तेही ठरलेलं आहे. तिथं मी तो घेतला. मॅडम 'अरेरे' म्हणाल्या, सुई डब्यात टाकली, आणि हात धुता धुता सहज विचारलं, "त्यालाही इथेच का? दंडावरच?"

दंडावर म्हणायला गेलो तर डोळ्यांसमोर दंड येईना. पोटावर म्हणावं तर पोट येईना. भैरूचं पोट मला चांगलं आठवत होतं, बेंबी जरा बाहेर आलेली, वर करदोडा, पण त्यावर डाग नव्हता. "आठवत नाही," मी म्हणालो. "लहान होतात ना," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांच्यासाठी विषय संपला. मी जिना उतरलो, खाली रसवंतीच्या बाकावर बसलो आणि ग्लासभर रस समोर ठेवून अर्धा तास तसाच. आता बोला! माझी नोकरी काय, तर माल मोजायचा. व्हर्नियर लावल्याशिवाय मी एका पार्टवर सही करत नाही. माझ्यामुळं ट्रक दोन दोन तास गेटवर उभे राहतात आणि पोरं मागं मला 'पॉइंट झिरो टू' म्हणतात. आणि ज्या गोष्टीवर मी माझं आख्खं आयुष्य उभं केलं, त्या गोष्टीवर मी न बघताच सही केली होती की काय?

आख्खं आयुष्य म्हणतो ते उगाच नाही. भैरू गेला त्या साली मी तळ सोडला. तळ म्हणजे मेंढरांचा तळ; आमचं घर असं नव्हतंच, आज या रानात तर उद्या त्या रानात. न्हावऱ्याच्या मामाकडं शाळेला राहिलो तो परत वाघरीत, मेंढरं कोंडायच्या त्या जाळीत, पाय ठेवला नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पुढं मेंढरं विकली आणि भांडगावात चार एकर घेऊन शेतकरी झाले, तरी मी पाहुण्यासारखाच जायचो. मी आयटीआय केला, कंपनीत लागलो, शिरूरला फ्लॅट घेतला. आणि अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव कार्यक्रम करणारी मंडळी भेटली तेव्हा मला वाटलं, आपण जन्माला आलो ते यासाठीच. शाळांत, यात्रांत, ग्रामसभांत मी उभा राहायचो, बाही वर करायचो आणि दंड दाखवायचो. कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, काहींची उतरत नाही, डागण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे समजावून सांगायचो. मग भैरूची गोष्ट. बायका पदर डोळ्याला लावायच्या. दर कार्यक्रमाला गोष्ट जरा भरायची, हेही खरं. जखम चिघळली, हे आधी नव्हतं. त्यावर माश्या घोंगावायच्या, हे आणखी नंतर आलं. माश्या खऱ्या होत्या. पण त्या माझ्या जखमेवर होत्या, हे मला त्या रसवंतीच्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं.

आणि मग भांडगावची ग्रामसभा. अकरा वर्षं झाली. मंडप घातलेला, चारशेक माणूस, आणि तिसऱ्या रांगेत आबा. आबा तेव्हाही डाग द्यायचे; लंगडणाऱ्या मेंढराला, गुडघा धरलेल्या म्हाताऱ्याला, काविळीच्या पोराला. दौंडपासून माणसं यायची. रविवारी, सूर्य उगवायच्या आत, अनशापोटी. पैसे घ्यायचे नाहीत, नारळ घ्यायचे. मला लोकांनी सांगितलं होतं, तुझ्याच गावात बोल, तर खरा. मला चेव आला. हात वर केला, अगदी कानाला लावून, सगळ्यांना डाग दिसतील असा, आणि माईकवर म्हणालो, "माझ्या बापानं माझ्या भावाला डागून मारलं. तो बाप इथं बसलाय." आबा उठले. खांद्यावरचं घोंगडं झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं, आणि बायकांच्या बाजूला एकदा बघून निघून गेले. मला वाटलं, खरं होतं म्हणून बोलले नाहीत. टाळ्या पडल्या. त्यानंतर त्यांच्याकडं डागायला कुणी आलं नाही आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. आई गेली तेव्हासुद्धा, चार वर्षांपूर्वी, मी चितेच्या या बाजूला आणि ते त्या बाजूला.

घरी आलो. नीलमनं शर्ट काढायला मदत केली. सहा महिने तीच घालते, तीच काढते, उजवा हात बाहीत घालताना मी रोज तिच्यावर खेकसतो आणि ती रोज म्हणते, "ओरडा, ओरडल्यानं बाही मोठी होते." आज मी खेकसलो नाही तर तिनं कपाळाला हात लावून बघितला. तिला म्हणालो, "मी तुला भैरूचं सांगितलंय ना? त्याला कुठं डागलं होतं?" ती म्हणाली, "मला काय विचारता, मी होते का तिथं?" बरोबर होतं तिचं. तिथं मी होतो. मी पलंगावर आडवा होऊन ती सकाळ पुन्हा काढली. पारगावजवळ भीमेच्या काठाला आमचा तळ होता, कुणाच्या तरी कडवळाच्या रानाशेजारी. कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी, माझ्या डोक्याच्या वर. गारठा. शेणीच्या विस्तवात सळई. माझे डोळे पिवळे आहेत म्हणून मला सगळं पिवळं दिसतंय असं मला वाटत होतं. आबांनी मला मांडीत घेतलं. त्यांच्या अंगाला मेंढराचा वास. मी म्हणालो, आबा, तापली, पुरे. ते म्हणाले, "लाल हुंदे रं. लाल झाली म्हंजी कमी लागतं."

मी पलंगावर उठून बसलो. तर ते वाक्य इथलं होतं! चीनला जाऊन आलेल्या मॅडमनी स्पिरिटच्या दिव्यावर सुई धरून माझ्या बापाचं वाक्य म्हटलं होतं, आणि मी तिथं फी देऊन 'हाऽ' म्हणून आलो होतो. आता ह्याला काय म्हणायचं? मॅडमची सुई केसाएवढी, निर्जंतुक, आबांची सळई बोटाएवढी, राखेतली. फरक आहे, नाही कसा, मोठा फरक आहे. मॅडम काविळीला सुई तापवणार नाहीत. मी हे सगळे फरक एकेक करून मोजले आणि तरी खांदा आपला कोमटच. त्याला फरक कळत नव्हता. मला स्वतःच्या खांद्याचा राग आला. मग पुढचं आठवायला गेलो. चटका, वास, माझं ओरडणं. त्यानंतर भैरूचं ओरडणं. ते नक्की होतं, कानात आहे अजून. पण ते लांबून येत होतं. मांडीतून येत नव्हतं. आणि सळई? सळई दुसऱ्यांदा विस्तवात ठेवलेली मला दिसत होती. उचललेली दिसत नव्हती. किती वेळा गेलो तरी ती तिथंच, विस्तवात. नीलमला म्हणालो, मी भांडगावला जातो. ती म्हणाली, "आत्ता?" दुपारचे बारा वाजले होते. तिनं पुन्हा शर्ट घातला, बटणं लावली, आणि काही विचारलं नाही. खिशात पाण्याची बाटली कोंबायचा प्रयत्न केला, मावली नाही, मग हातात दिली.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी मिळाली. डाव्या हातानं दांडी धरून उभा राहिलो तर कंडक्टर म्हणाला, "पावणं, दोन्ही हातानं धरा, रस्ता लई भारी हाय." त्याला काय सांगणार. पारगावच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली भीमा, आणि काठाला जिथवर नजर जाईल तिथवर ऊस. आमचा तळ कुठं होता ते ओळखू येईना. मी खरं तर निरखून बघत होतो, जसं काही तिथं अजून शेणी धुमसत असतील. केडगावपासून गुऱ्हाळांचा वास सुरू झाला, उकळत्या रसाचा. मला काय ऐकायचं होतं तेच मला कळत नव्हतं. भैरूला दंडावर डागलं होतं, किंवा पोटावर, किंवा मनगटावर, एवढं आबांनी सांगितलं की झालं, मी उलट पावली परत. जागा कळली की गोष्ट पुन्हा घट्ट बसेल. आणि नाही बसली तर? अकरा वर्षांपूर्वी चारशे माणसांपुढं जे बोललो त्याचं काय करायचं? मी असा विचार करत होतो आणि दुसरीकडं खांदा सांगत होता की गेल्या सहा महिन्यांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नाही. चौफुल्याला वडाप जीप धरली आणि भांडगावच्या फाट्यावर उतरलो.

कालव्याच्या अलीकडं आमचं घर. दत्ता, माझा सगळ्यात धाकटा भाऊ, भैरूनंतर झालेला, पाण्याची मोटर उघडून बसला होता. मला बघून त्याच्या हातातला पाना खाली पडला. "दादा? वाट चुकलास काय?" मी म्हणालो, "आबा कुठंयत?" तो एकदम उभा राहिला. "भांडायला आला असशील तर आत्ताच सांग. ब्याऐंशी वय हाय त्यांचं." मी म्हणालो, भांडायला नाही आलो. मग कशाला आलास, तो म्हणाला, आणि मी पुन्हा तेच विचारलं, आबा कुठंयत. त्यानं नुसतं लिंबाकडं बोट केलं. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते, चार मेंढरं ठेवलीत अजून हौसेनं, त्यातल्या एकीच्या खुरातला काटा काढत होते. चष्मा नाही. मान वर न करता म्हणाले, "फरा धरलाय व्हय?" मला आधी कळेना, मेंढीला विचारतायत का मला. मग त्यांनी माझ्या उजव्या खांद्याकडं बघितलं. मेंढराचा पुढचा पाय जिथं अंगाला जोडतो त्याला फरा म्हणतात. अकरा वर्षांनी बाप बोलला तो हे.

मी समोर जमिनीवर बसलो. वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी पुलावरून खाली पडली होती बहुतेक. सरळ विचारलं, "आबा, भैरूला कुठं डागलं होतं?"

मेंढीचं खूर त्यांच्या हातातच होतं. काटा निघाला, त्यांनी तो बघितला आणि लांब फेकला. "कुठंच न्हाई," ते म्हणाले.

"कुठंच नाही म्हणजे?"

"डागलंच न्हाई त्येला. तुजं झालं. तू वरडलास, ते बघून ते बी वरडाय लागलं. म्या सळई परत इस्तवात ठिवली आन् वळून बघतूय तर पोरगं न्हाई. तुजी आई त्येला काखंत मारून कडवळात जाऊन बसली हुती. म्या हाका मारल्या, मारल्या, ती वो दीना. कडवळात माणूस घावतंय व्हय? सळई निवली. म्हणलं, ऱ्हाऊ द्या, उद्या बघू. दुसऱ्या दिशी बी तसंच. पाचव्या दिशी पोरगं डोळं उगडंना झालं."

दत्तानं मोटर चालू केली, पाणी पाटात पडायला लागलं. मी म्हणालो, "मग त्या दिवशी मंडपात बोलला का नाहीत? मी एवढं माईकवरून..."

"तुजी आई म्होरं बसली हुती की. बायांत. तुला दिसली न्हाई?" आबांनी मेंढीला सोडलं, ती लंगडत गेली. "तवापास्नं ती एकच म्हणायची, म्याच मारलं पोराला, डागू दिलं आस्तं तर जगलं आस्तं. पाक चौतीस वर्सं. समजूत घालून घालून माजी जीब झिजली. आन् तू हुबा ऱ्हाऊन सांगितलंस, आबानं मारलं. येवढा शिकला-सवरलेला तू. म्या तिच्याकडं बघितलं. म्हणलं, बरं झालं. आता हे माज्यावर आलं, तिचं हलकं हुईल."

"झालं का हलकं?"

"झालं की. त्या दिशी घरी यिऊन पोटभर जेवली. कोरड्यास दोनदा वाढून घेतलं."

मला रडू आलं. मोठ्यांदा नाही, पण नाक वाहायला लागलं आणि उजवा हात खिशापर्यंत जाईना, रुमाल उजव्या खिशात. मला आईचं ते जेवण दिसलं. मी तेव्हा शिरूरला परत चाललो होतो, कुणाच्या तरी गाडीत, शाल-श्रीफळ मांडीवर. मला फार लाज वाटली, आणि लाजेच्या शेजारी हेही की माझ्या त्या खोट्यानं आईला सात वर्षं सुखानं जेवता आलं. मग मी केलं ते वाईट केलं का बरं केलं? काहीच्या काही! मी काहीतरी धरायला बघत होतो आणि हाताला जे लागलं ते धरलं, माझं नेहमीचं. म्हणालो, "आबा, डागलं असतं तरी भैरू गेला असता. डागण्याचा आणि काविळीचा काही संबंध नाही. कुणाची उतरते, कुणाची नाही उतरत. आईमुळं काही झालेलं नाही."

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय?"

"व्हय."

"नक्की?"

"नक्की आबा. डॉक्टर सांगतात. पुस्तकात आहे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मंग हे तिला सांगायचं हुतंस."

शंभर गावांत सांगितलं होतं. आईला नव्हतं सांगितलं. तिनं मला कधी विचारलं नाही आणि तिच्या मनात काही प्रश्न असेल असं मला वाटलंच नाही; भाकरी वाढताना ती माझ्या दंडाकडं बघायची, मला वाटायचं डाग बघून तिला वाईट वाटतं. आबा बाजेवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. "दाखीव." मी डाव्या हातानं बटणं काढायला लागलो, ती निघेनात, त्यांनीच काढली. खांदा उघडा केला. सुईचा लाल ठिपका त्यांना लगेच दिसला. "ह्ये काय?" मी सांगितलं. शिरूरच्या मॅडम, स्पिरिटचा दिवा, चीन. मला वाटलं आता हसतील, टोमणा मारतील, मारायचा हक्क होता त्यांचा. ते गंभीरपणे ऐकत होते, शेजारच्या गावच्या कुणी जाणत्याबद्दल ऐकावं तसे. "लाल करत्यात का?" "करतात." "मंग ठीक हाय." त्यांनी अंगठा ठिपक्यावर ठेवला, दाबला, जरा हलवला, आणि खाली सरकवला, माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या डागाच्या मधोमध. तिथं दाबल्यावर माझ्या तोंडातून सकाळचाच 'हाऽ' निघाला. "हिथं हाय त्ये. तुजी बाई चुकली. एक बोट खाली." मग शर्ट वर ओढून दिला आणि बटणं लावता लावता म्हणाले, "आन् कुठं सांगत बसू नगंस आता. तिचं नाव निघायला नगं. माजं निघालंय ते निघालंय."

दत्तानं मोटारसायकलवरून चौफुल्याला आणून सोडलं. सोडताना म्हणाला, "येत जा." मी परत येताना पुलावर खाली बघितलं नाही. आठवडाभर मी कंपनीत गेलो, माल मोजला, दोन लॉट रिजेक्ट केले. मनात एकच मोजमाप चाललं होतं. आबांचं नाव धुवायचं तर पुन्हा मंडप घालून, माईक हातात घेऊन सांगायला पाहिजे की मी खोटं बोललो, भैरूला डागलंच नव्हतं. लगेच पुढचा प्रश्न येणार, का नव्हतं? तिथं आई येते, कडवळात बसलेली. भांडगावच्या चारशे माणसांतली निम्मी म्हणतील, बघा, डागू दिलं असतं तर पोरगं वाचलं असतं, आयनंच घात केला. मी कितीही काविळीचं शास्त्र सांगितलं तरी तेच म्हणतील. नीलमला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवून म्हणाली, "मग आता काय करणार?" मी म्हणालो, "माहीत नाही." ती म्हणाली, "आबांना इकडं घेऊन या चार दिवस." एवढंच म्हणाली आणि परत निवडायला लागली.

पुढच्या गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, गीताबाई नावाची, यवतकडची, गुडघ्याला सुया घ्यायला नातवाबरोबर आलेली. ती माझ्याकडं सारखी बघत होती. माझा नंबर लागला, मी आत गेलो. मॅडमनी दिवा लावला, सुई ज्योतीत धरली. मी डाव्या हातानं शर्ट उतरवला आणि म्हणालो, "मॅडम, एक बोट खाली." त्या म्हणाल्या, "का? मागच्या वेळी बरं वाटलं होतं ना?" "वाटलं होतं. पण जागा खाली आहे." त्यांनी तिथं दाबून बघितलं, मी कळवळलो, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हो की. कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "वडलांनी." मॅडमना मागचं काही आठवत नसावं, रोज पन्नास पेशंट. "छान आहे त्यांचा हात," असं म्हणून त्यांनी सुई लाल होऊ दिली. या वेळी मी आकडे मोजले नाहीत.

बाहेर आलो, शर्ट हातात धरून, तर गीताबाईनं मला अडवलंच. "तुमी त्येच न्हवं का? भांडगावच्या मंडपात हात वर करून बोललेलं? म्या आले हुते तवा, लेकीकडं हुते." बाकावरची सगळी माणसं बघायला लागली. नातवानं 'आजी, गप' म्हणून तिचा पदर ओढला, पण तिला धीर नव्हता. "तुमच्याच बापानं त्या बारक्या पोराला डागून मारलं न्हवं?"

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. आठवडाभर तेच तयार होतं. आणि मला मंडपातली बायकांची बाजू दिसली, अगदी पुढची ओळ, डोक्यावर पदर घेतलेली आई, आणि आबा घोंगडं झटकताना तिच्याकडं बघत होते ते.

"व्हय," मी म्हणालो.

"काय येकेक माणसं असत्यात," म्हातारी म्हणाली आणि जिभेनं चुकचुक केलं. बाकावरच्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी तिथंच उभ्या उभ्या शर्ट अंगात घातला. डावा हात घातला, मग उजवा. उजवा बाहीत सरळ गेला, कुणाची मदत लागली नाही.